शेतातील उडी मारणारे कोळी व त्यांची ओळख

धाराशिव जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनखाली असते. त्याच्या जोडीस तूर, उडीद व मूग येतात. रब्बीत ज्वारी व हरभरा होतो आणि तुळजापूरसारख्या तालुक्यातील काही गावांतून द्राक्षबागाही उभ्या आहेत. ह्या पिकांवरील किडी आज बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. चक्री भुंग्याने पाडलेले देठावरील दोन खाचांचे वळे, उंटअळीची कमान करून चालण्याची रीत, हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून बसलेली घाटेअळी, ही सर्व ओळखण्यास आता कोणाची मदत लागत नाही. परंतु त्याच पानावर दबा धरून बसलेल्या आणि त्या किडींच्या पिलावळीवर उपजीविका करणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखविले असता 'कोळी' ह्या एका शब्दापलीकडे उत्तर येत नाही. ह्यात शेतकऱ्याचा दोष नाही. विस्तारकार्याच्या पत्रकांतून मित्रकीटकांची यादी दिली जाते तेव्हा ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा अशी नावे आल्यावर शेवटी बहुधा 'कोळी' एवढाच शब्द टाकून यादी पुरी केलेली असते. वस्तुतः कोळी हा कीटकच नव्हे. कीटकास सहा पाय असतात, कोळ्यास आठ.

ह्या एका शब्दाने प्रत्यक्ष शेतात घोटाळा होतो, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. द्राक्ष, वांगी, भेंडी इत्यादी पिकांवर पानाच्या मागील बाजूस राहून रस शोषणारी जी सूक्ष्म कीड असते तिलाही मराठीत 'लाल कोळी' म्हणतात आणि तिच्यावरील औषधास 'कोळीनाशक' म्हणतात. शेतकऱ्याने एका सभेत 'कोळी दिसताच बंदोबस्त करावा' असे ऐकावे व दुसऱ्या सभेत 'कोळी हा शेतकऱ्याचा मित्र आहे' असे ऐकावे, तर त्याने काय समजावे? पानावर ऐटीत फिरणारा अर्ध्या बोटभर लांबीचा कोळी पाहून त्याने फवारणीचा पंप उचलला तर त्याला दोष देता येणार नाही. मराठीत कोळ्यास कांतीण असाही एक शब्द आहे. परंतु तो आता प्रचारातून गेल्यासारखा आहे आणि पत्रकाच्या आधारे जुना शब्द पुन्हा रुळविता येईल अशी आशा धरणे व्यर्थ होय. शब्द बदलत नसेल तर ओळख तरी पक्की झाली पाहिजे, आणि ती शरीररचनेवरूनच होऊ शकते.

लाल कोळी कीड व खरा कोळी यांतील भेद साध्या भिंगाने दिसतो. लाल कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो आणि त्याचे शरीर एकाच अखंड पिशवीसारखे दिसते. खऱ्या कोळ्याच्या शरीराचे दोन स्पष्ट भाग असतात. पुढील भागात डोके व छाती एकत्र जोडलेली असतात, त्यालाच पाय फुटलेले असतात. मागील भाग म्हणजे पोट. दोहोंच्या मध्ये बारीक कंबर असते. पोटाच्या टोकाशी धागा काढणाऱ्या लहान गाठी असतात. कंबर दिसली की फवारणी थांबवावी, एवढे जरी गावोगाव पोहोचले तरी पुष्कळ झाले.

परंतु तेथेच थांबून चालणार नाही. शेतात सापडणारे कोळी अनेक कुलांतील असतात व त्यांच्या सवयी अगदी भिन्न असतात. काही दोन झाडांच्या मध्ये चाकासारखे जाळे विणून उडत्या किडी धरतात, काही जमिनीवर धावून शिकार करतात, काही फुलात लपून बसतात. ह्या सर्वांत उडी मारणाऱ्या कोळ्यांचे कुल, ज्यास शास्त्रज्ञ साल्टिसिडी म्हणतात, हे जगातील कोळ्यांचे सर्वांत मोठे कुल आहे. आजवर त्याच्या सहा हजारांवर जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी बहुसंख्य उष्ण कटिबंधातील आहेत. धाराशिव जिल्हा कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेस असल्याने त्याच प्रदेशात मोडतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयातर्फे जगातील सर्व कोळ्यांची जी सूची ठेवली जाते, तिच्यात २०२२ साली पन्नास हजारावी जाती दाखल झाली. ती दक्षिण अमेरिकेतील गुरिउरियस मिनुआनो ही जाती याच उड्या मारणाऱ्या कुलातील निघाली. नव्या जाती सापडण्याचे काम संपलेले नाही, हे यावरून उघड आहे.

हे कुल ओळखण्याची खूण एकच व ती अत्यंत सोपी आहे. कोळ्याच्या तोंडाकडे समोरून पाहावे. उडी मारणाऱ्या कोळ्यास सपाट कपाळावर चार डोळे एका ओळीत असतात व त्यांपैकी मधले दोन मोटारीच्या पुढील दिव्यांसारखे मोठे असतात. उरलेले चार डोके-छातीच्या वरच्या बाजूस मागे सरकलेले असतात. त्यांतील पहिली जोडी बहुतेक जातींत टाचणीच्या टोकाएवढी बारीक, दुसरी त्याहून मोठी. मधल्या मोठ्या डोळ्यांची भिंगे जागची हलत नाहीत, परंतु त्यांच्यामागील नळीसारखा भाग आत हलतो. त्यामुळे जिवंत कोळ्याच्या डोळ्याचा रंग क्षणात काळा तर क्षणात फिका भासतो. बाजूचे डोळे हालचाल टिपतात, मधले डोळे सावज नीट न्याहाळतात. माणूस जवळ गेला असता हा कोळी पळत नाही, तर वळून त्याच्याकडे पाहतो. शेतात राबणाऱ्या पुष्कळांनी हे पाहिले असेल.

आता ज्यांच्याशी त्याची गल्लत होते ते कोळी पाहू. तूर व सोयाबीनच्या शेंड्यांवर हिरवट किंवा पिवळसर, पायांवर लांब उभे काटे असलेला एक चपळ कोळी सर्रास दिसतो. तोही उडी घेतो, म्हणून पाहणारे त्याला उडी मारणाऱ्या कोळ्यांतच ढकलतात. तो ऑक्सिओपिडी कुलातील होय. त्याचे डोळे लहान असून वरून पाहिले असता त्यांची मांडणी षट्कोनासारखी दिसते. जमिनीवर ढेकळांतून धावणारा करडा कोळी लायकोसिडी म्हणजे लांडगा कोळ्यांच्या कुलातील असतो. त्याच्या पुढच्या ओळीत चार बारीक डोळे व त्यांच्यावर दोन मोठे डोळे असतात. म्हणजे मोठे डोळे दुसऱ्या ओळीत. ह्या कोळ्याची मादी अंड्यांची पांढरी गोळी पोटाच्या टोकास बांधून हिंडते, तेव्हा तर शंकाच राहत नाही. फुलावर खेकड्यासारखे पुढील दोन्ही पायांच्या जोड्या पसरून बसणारा थोमिसिडी कुलातील. ह्या चार कुलांतील भेद डोळ्यांवरून व पायांवरून अर्ध्या तासात शिकविता येतो. त्यासाठी दहापट मोठे दाखविणारे हातभिंग पुरते.

पायांची रचनाही साक्ष देते. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या पावलास दोनच नख्या असून त्यांच्याखाली दाट केसांचा झुबका असतो. त्यामुळे तो खिडकीच्या गुळगुळीत काचेवरूनही चढतो. लांडगा कोळ्यास तीन नख्या असतात. उडीचे यंत्रही पाहण्यासारखे आहे. टोळाच्या मागच्या मांड्या स्नायूंनी भरलेल्या असतात, तशा ह्याच्या नसतात. कोळ्याच्या पायातील काही सांधे सरळ करण्यास स्नायूच नसतात. तो शरीरातील द्रवाचा दाब पायांत सोडतो व दुमडलेला पाय एकदम ताठ होतो. उडी घेण्यापूर्वी तो मागे एक धागा चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर त्याच धाग्याने वर येतो. जाळ्यात सावजाची वाट पाहणे बहुतेक जातींच्या स्वभावात नाही. धाग्याचा दुसरा उपयोग ते पान दुमडून किंवा सालीच्या फटीत पांढरी रेशमी खोळ करण्यासाठी करतात. तिच्यात रात्री राहतात व मादी तिच्यातच अंडी घालते.

कुल ओळखणे असे सोपे असले तरी जाती ओळखणे सोपे नाही. रंगावरून जात ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. घरांच्या व गोठ्यांच्या भिंतींवर प्लेक्सिपस पेकुली हा कोळी जगातील बहुतेक उष्ण देशांत आढळतो. त्याचा नर काळसर असून मध्ये व दोन्ही कडांना पांढरे पट्टे असतात, मादी मात्र तपकिरी करडी. माहिती नसलेला मनुष्य त्यांना दोन जाती समजेल. टेलामोनिया डिमिडिएटा ह्या जातीची मादी फिकट पिवळी असून पोटावर दोन तांबड्या रेघा असतात, तिचा नर गडद. थायीन इम्पीरिअॅलिस ह्या जातीच्या नराच्या डोळ्यांजवळ केसांचे शिंगांसारखे झुबके असतात, मादीस तशी शिंगे दिसत नाहीत. फिंटेला व्हिटाटा ह्या जातीचे चमकदार पट्टे तर खवल्यांवरील प्रकाशाचा खेळ असल्यामुळे स्पिरिटमध्ये ठेवताच ते निस्तेज होतात. पिलांची जाती तर तज्ज्ञासही खात्रीने सांगता येत नाही.

मिर्मारॅक्ने प्रजातीतील कोळी ह्याहून मोठा चकवा देतात. त्यांचे शरीर जागोजागी चिमटल्यासारखे होऊन मुंगीप्रमाणे तीन भागांचे भासते. पुढील पायांची जोडी ते मिशांप्रमाणे हवेत हलवीत चालतात. नराचे जबडे पुढे लांबलचक वाढलेले असतात. ह्यांच्याच जवळची एक जाती लाल विणकर मुंग्यांची नक्कल इतकी हुबेहूब करते की फांदीवर दोहोंत फरक करणे कठीण जाते. तरीही पाय मोजले की आठ भरतात, खऱ्या मिशा नसतात आणि समोर ते दोन मोठे डोळे असतातच. वेष कितीही बदलला तरी डोळ्यांची मांडणी लपत नाही.

जातीचा खरा निवाडा प्रौढ कोळ्यांच्या जननेंद्रियांवरून होतो. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड स्पर्शपाद असतात. प्रौढ नरात त्यांची टोके मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगलेली असतात. त्या फुगवट्यात एक गोलसर कंद, त्यातून निघणारी बारीक सुईसारखी नळी आणि कंदाच्या मागील सांध्यावर एक काटा असतो. नळी किती लांब, ती कोठून निघते व कोणत्या बाजूस वळते, काटा सरळ की वाकडा, ह्या बाबी जातीपरत्वे ठरलेल्या असतात. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूस, एक कठीण पट्टिका असते. तिच्यातील छिद्रे, आतील नलिका व शुक्र साठविण्याच्या पिशव्या पाहण्यासाठी तो भाग कापून कॉस्टिक पोटॅशने पारदर्शक करावा लागतो. हे काम सूक्ष्मदर्शकाखालीच होते. यास्तव केवळ छायाचित्र पाहून, आणि तेही पाठीकडून घेतलेले, कोणी जातीचे नाव सांगितले तर ते बहुतेक वेळा अंदाज समजावे.

चुकीच्या खुणेवर भरवसा ठेवला म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे ह्या शास्त्राच्या इतिहासातच आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ यूजीन सिमों यांनी १९०१ ते १९०३ ह्या काळात ह्या कुलाची विभागणी जबड्याच्या मागील कडेवरील दातांवरून केली होती: एक दात असणारे, एकाच दाताला दोन टोके असणारे व अनेक दात असणारे. ही विभागणी हाताळण्यास सोयीची होती व दीर्घकाळ चालली. पुढे आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास सुरू झाला तेव्हा असे दिसले की दातांची संख्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे बदलत गेली आहे. कॅनडातील वेन मॅडिसन यांनी २०१५ साली मांडलेल्या वर्गीकरणात ह्या कुलाच्या शाखा निराळ्याच पडल्या. त्यातही शरीररचना टाकून दिलेली नाही. बहुसंख्य जाती ज्या उपकुलात येतात त्यात मादीच्या स्पर्शपादावरील नखी नाहीशी झालेली आहे. उलट स्पार्टिइनी ह्या जुन्या शाखेत मागील लहान डोळ्यांची जोडी बहुधा मोठी राहिलेली दिसते. सिमों यांच्या हाती असलेली साधने पाहता त्यांचे काम थोर होते यात शंका नाही.

महाराष्ट्राशी ह्या विषयाचा संबंध जुना आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ साली पुण्यात स्थापन झाले. त्या विभागातील बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर जे काम केले त्यावर पुढील पिढ्या उभ्या आहेत. त्यांचे भारतीय प्राणिसंपदेवरील कोळ्यांचे खंड १९८० व १९८२ साली निघाले. त्यांत खेकडा कोळी, लांडगा कोळी, चाकासारखे जाळे विणणारे कोळी आदी कुले आली, परंतु उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुलास त्या दोन खंडांत जागा मिळाली नाही. १९७० नंतरच्या काळात त्यांनी काही भारतीय जाती फिडिपस प्रजातीत घातल्या. त्यांतील एकीचे नाव तर खंडाळ्यावरून आहे. ही प्रजाती मूळची उत्तर अमेरिकेतील. जी. बी. एडवर्ड्स यांनी २००४ साली तिची सविस्तर फेरतपासणी केल्यावर भारतीय जाती तिच्यात बसत नाहीत असे दिसून आले. ज्यांनी आयुष्य ह्या कामात घातले त्यांच्याही हातून प्रजाती चुकू शकते, मग गावपातळीवरील कर्मचाऱ्याकडून पानावरच जातीचे नाव मागणे कितपत योग्य?

नव्या जातींचा शोध आजही आपल्याच राज्यात लागत आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्यास २०२१ साली आयसियस तुकारामी असे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्याची बंदूक धरून ठेवताना प्राणार्पण करणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. लोकवस्तीच्या इतक्या जवळ शास्त्रास अज्ञात असा प्राणी राहत असेल, तर बालाघाटाच्या डोंगरउतारांवर, तेरणेच्या काठच्या बाभळींवर व येडशीच्या झाडीत काय असेल ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, शेतकऱ्यास मित्र कोण व शत्रू कोण एवढे कळले की पुरे, कोळ्यांची कुले शिकवून त्याच्या उत्पन्नात काय भर पडणार? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. उडी मारणारा कोळी म्हणजे किडींवरील रामबाण उपाय असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. तो तुडतुडे, माश्या, लहान पतंग व कोवळ्या अळ्या खातो, तसेच इतर कोळी खातो, प्रसंगी मधमाशीही धरतो. मोठ्या वाढलेल्या अळीपुढे त्याचे फारसे चालत नाही. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा जो उद्रेक झाला, तसा उद्रेक केवळ कोळ्यांच्या बळावर आवरला असता असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्या उद्रेकानंतर राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाची व सल्ल्याची पद्धतशीर योजना सुरू झाली आणि आर्थिक नुकसानीची पातळी पाहून फवारणी करावी हा विचार गावापर्यंत आला. कोळ्यांच्या ओळखीचे स्थान ह्याच विचारात आहे. झाडावरील किडी मोजावयाच्या आणि त्या खाणारे मात्र 'कोळी' ह्या एका रकान्यात कोंबावयाचे, हा हिशेब अर्धा राहतो. जाळे विणणारा, जमिनीवर धावणारा व पानावर उडी मारणारा ह्यांची शिकार वेगळी व जागाही वेगळी. पानावर उघड्यावर दिवसा हिंडणाऱ्या उडी मारणाऱ्या कोळ्यावर फवारा थेट पडतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके कोळ्यांस विशेष घातक असतात व त्यांच्या वारंवार फवारणीनंतर लाल कोळी व पांढरी माशी उलट वाढल्याचा अनुभव अनेक पिकांत आलेला आहे. पाच टक्के निंबोळी अर्क, पक्षिथांबे व कामगंध सापळे यांनी काम भागत असेल तेथे जहाल औषध मागे ठेवण्यास ह्यापरते दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

ह्यासाठी मोठ्या खर्चाची योजना नको. शेतशाळेत प्रत्येक गटामागे एक हातभिंग असावे आणि निरीक्षणाच्या तक्त्यात 'कोळी' ऐवजी चार रकाने असावेत: उडी मारणारे, काटेरी पायांचे, जमिनीवर धावणारे व जाळे विणणारे. खेकड्यासारखे फुलावरचे कोळी वेगळे लिहिता आले तर उत्तमच. जातीचे नाव कोणी लिहू नये. त्यासाठी तुळजापूरचे कृषि विज्ञान केंद्र व जिल्ह्यातील शेती व प्राणिशास्त्र शिकविणारी महाविद्यालये यांनी मिळून जिल्ह्याचा एक लहानसा नमुनासंग्रह उभारावा आणि प्रौढ नर-मादीचे नमुने पुण्याच्या केंद्रातील तज्ज्ञांकडून नावनिशी तपासून घ्यावेत. येडशी रामलिंग घाट अभयारण्यातून मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून काहीही गोळा करू नये.

नमुना गोळा करण्याची रीत साधी आहे. सकाळी ऊन चढल्यावर, पिकाच्या ओळीखाली पांढरे कापड धरून झाड काठीने हलकेच झटकावे. कापडावर पडलेला कोळी रुंद तोंडाच्या लहान बाटलीत घ्यावा, त्याचा रंग जिवंतपणीच वहीत लिहून ठेवावा व मग सत्तर टक्के अल्कोहोलात सोडावा. चिठ्ठी बाटलीवर न चिकटविता आत टाकावी व ती पेन्सिलीने लिहावी, कारण शाई अल्कोहोलात विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, पीक, झाडावरील जागा, दिनांक व गोळा करणाराचे नाव असावे. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली बदलून धाराशिव झाले आहे. जुन्या बाटल्यांवर पहिले नाव असल्यास ते खोडू नये, नवे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी घालावे. शास्त्रीय सूचीतही जुनी नावे अशीच जपून ठेवलेली असतात. बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात अल्कोहोल उडून जात नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावे.